कॅमेरा कुणाच्या हातात, पेटी कुणाच्या घरात?



फॅशनचे फोटो म्हटले की आपल्या घरात दोन मते निघतात. तरुण पोरे-पोरी ते फोटो कौतुकाने बघतात. वडीलमाणसे म्हणतात, ही पोट भरलेल्यांची चैन, आपल्याला काय त्याचे? आम्हाला ही दोन्ही मते अर्धवट वाटतात. अंगावर काय घालायचे हा प्रश्न आपल्या समाजाला कधीच हलका नव्हता. कुणी कसे नेसायचे, कोणता दागिना घालायचा, हे गाव ठरवून देत होते. म्हणून तर १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना सांगितले की, लांबून पाहूनच अस्पृश्य म्हणून ओळख पटावी असे नेसणे सोडा, कथलाचे जड दागिने उतरवून ठेवा. लुगड्याची निरी खाली घोट्यापर्यंत आली, तीसुद्धा एक चळवळच होती.

जी गोष्ट आपल्याकडे लुगड्याची, तीच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडे कोटाची आणि झग्याची. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे त्यांचे थोर विद्वान. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तरही आले होते. याच डु बॉइस यांनी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कृष्णवर्णीयांच्या ३६३ फोटोंचे अल्बम मांडले. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती. त्या फोटोंत माणसे आहेत ती नीट भांग पाडलेली, कडक कॉलरची, ताठ बसलेली. ज्यांना जग हमाल आणि नोकर म्हणून ओळखत होते, ते स्वतःच्या मर्जीने नटून कॅमेऱ्यासमोर बसले. डु बॉइस यांना भाषण न करता जे सांगायचे होते, ते त्या फोटोंनी सांगितले. ते अल्बम आजही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेले आहेत.

आज आम्ही ज्याची गोष्ट सांगणार आहोत, तो माणूस या वाटेवर पुढे फार लांब गेला. त्याचे नाव गॉर्डन पार्क्स. कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉट या गावी ३० नोव्हेंबर १९१२ रोजी त्याचा जन्म झाला. पंधरा भावंडांत तो सर्वांत धाकटा. कोवळ्या वयात आई गेली. त्याला बहिणीकडे सेंट पॉल शहरात पाठवले, तर मेहुण्याने घराबाहेर काढले. पोराने पियानो वाजवला, हॉटेलात खरकटी भांडी उचलली, रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वेटरचे काम केले. त्या डब्यात उतारूंनी टाकून दिलेल्या एका मासिकात त्याला देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे फोटो दिसले. ते पाहून त्याला वाटले, गरिबी आणि वर्णद्वेष यांच्याशी लढायला हे हत्यार चालेल. त्याने गहाणवटीच्या दुकानातून एक वापरलेला कॅमेरा विकत घेतला. शाळा कुठलीच नाही, गुरूही नाही.

गंमत पाहा. या माणसाने व्यवसाय म्हणून फोटो काढायला सुरुवात केली ती फॅशनपासून. सेंट पॉलमध्ये बायकांच्या उंची कपड्यांचे एक दुकान होते. पार्क्स तिथे गेला आणि म्हणाला, तुमच्या कपड्यांचे फोटो मी काढतो. मालकाला ते पटले नाही, पण मालकिणीने संधी दिली. आणि पहिल्याच कामात घोटाळा झाला! एकाच फिल्मवर दोनदा फोटो उठले आणि एक सोडून सगळे वाया गेले. तो एकच फोटो त्याने मोठा करून दुकानात नेला. मालकिणीला तो इतका आवडला की बाकीचे पुन्हा काढायला मिळाले. ते फोटो जगज्जेता मुष्टियोद्धा ज्यो लुईस याच्या पत्नीच्या नजरेस पडले आणि तिने त्याला शिकागोला यायला सांगितले. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४२ साली तो वॉशिंग्टनला एका सरकारी खात्यात फोटोग्राफर म्हणून दाखल झाला.

देशाची राजधानी! तिथे त्याच्या वरिष्ठाने पहिल्याच दिवशी त्याला सांगितले की, आज कॅमेरा ठेव आणि बाहेर जाऊन एक कोट विकत घे, हॉटेलात जेव, सिनेमा बघ. पार्क्स गेला. दुकानात कोट मिळाला नाही, हॉटेलात जेवण मिळाले नाही, सिनेमाच्या दारातून परत पाठवले. संतापून तो परत आला. वरिष्ठाने सुचवले की, इथे झाडलोट करणारी एक बाई आहे, तिच्याशी जरा बोल.

तिचे नाव एला वॉटसन. रात्री सरकारी कचेऱ्या झाडायच्या-पुसायच्या, हे तिचे काम. वडिलांना जमावाने ठार मारलेले, नवरा गोळी लागून गेलेला. वर्षाला १०८० डॉलर पगारात ती नातवंडांना वाढवत होती. पार्क्सने तिला भिंतीवर लावलेल्या अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभे केले. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. ठिपक्यांचा झगा, डोळ्यांवर चष्मा, नजर सरळ. फोटोला नाव दिले ‘अमेरिकन गॉथिक’. याच नावाचे १९३० सालचे एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात गोरा शेतकरी हातात दाताळे घेऊन एका बाईशेजारी उभा आहे. पार्क्सने न बोलता विचारले की, हा देश त्या शेतकऱ्याचा, मग या झाडूवालीचा नाही का?

हा फोटो सगळे जग ओळखते. पण आमच्या मते खरी गोष्ट पुढची आहे. एक फोटो काढून पार्क्स निघून गेला नाही. पुढे कित्येक दिवस तो एला वॉटसनच्या घरी, तिच्या चर्चमध्ये, तिच्या नातवंडांत जात राहिला. झेंड्यासमोरची झाडूवाली ही एक निशाणी झाली असती, पण या सगळ्या फोटोंमुळे ती एक बाई राहिली. तिला घर आहे, देव्हारा आहे, स्वयंपाकघरात बसलेली पोरे आहेत. २०२४ मध्ये मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयात या दोघांच्या नावाने प्रदर्शन भरले. फोटो काढणाऱ्याचे नाव आणि जिचा फोटो तिचेही नाव. आपल्या वस्त्यांत कॅमेरे घेऊन येणाऱ्यांनी एवढे शिकले तरी पुष्कळ झाले. आपल्या माणसांचे फोटो बक्षिसे मिळवतात आणि खाली लिहिलेले असते, ‘एक सफाई कामगार’. त्या कामगाराला नाव नसते काय?

पुढे पार्क्स न्यूयॉर्कला आला. ‘हार्पर्स बझार’च्या दारात त्याचे काम पसंत पडले, पण कृष्णवर्णीयाला नोकरी नाही. ‘व्होग’ने मात्र काम दिले. तिथे त्याने श्रीमंत गोऱ्या बायकांच्या झग्यांचे फोटो काढले. बायका पुतळ्यासारख्या उभ्या न करता चालत्या-वळत्या टिपल्या, म्हणून त्याचे काम उठून दिसले. १९४८ साली ‘लाइफ’ या बड्या साप्ताहिकाने त्याला नोकरीवर घेतले. तिथला तो पहिला कृष्णवर्णीय फोटोग्राफर. एकदा पॅरिसचे नवे झगे, एकदा हार्लेमच्या गल्लीतली पोरे, अशी दोन्ही कामे तो एकाच हाताने करत होता. काही लोक विचारतील, हा दुटप्पीपणा नव्हे काय? आम्हाला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण १९५६ सालच्या फोटोंत आहे.

त्या वर्षी ‘लाइफ’ने त्याला अलाबामा राज्यात पाठवले. तिथे गोऱ्यांचे नळ वेगळे, काळ्यांचे वेगळे. दारे वेगळी, बाकडी वेगळी. आपल्याला हे समजावून सांगायला नको. अशा विषयावरचे फोटो तेव्हा बहुधा काळे-पांढरे, अंगावर येणारे असत. पार्क्सने रंगीत फिल्म वापरली. एका फोटोत मोबिल शहरातल्या मोठ्या दुकानाबाहेर एक तरुण बाई आपल्या छोट्या भाचीला घेऊन उभी आहे. दोघी छान कपडे घालून बाहेर पडलेल्या. डोक्यावर निऑनच्या अक्षरांत पाटी, ‘काळ्यांचे प्रवेशद्वार’. त्या बाईने पुढे कित्येक वर्षांनी सांगितले की, भाचीला पॉपकॉर्नचा वास आला होता आणि तिला ते हवे होते. पण मी त्या दारातून तिला आत नेणार नव्हते. दुसरीकडे पॉपकॉर्न कुठे मिळेल, एवढेच माझ्या मनात चालले होते. बाईच्या खांद्यावरून आतल्या कपड्याचा पट्टा जरा घसरलेला दिसतो. त्याची मात्र तिला कायम रुखरुख राहिली. तिला त्या फोटोत अगदी नीटनेटके दिसायचे होते.

आता सांगा, हा फॅशनचा फोटो की अन्यायाचा? फॅशनमध्ये मुरलेल्या नजरेनेच पार्क्सने तो झगा पाहिला. कापड, रंग, उभे राहण्याची ढब, सगळे त्याने मानाने टिपले. म्हणून पाटी अधिकच ओंगळ दिसते आणि बाई मोठी दिसते. पाहणाऱ्याला दया येत नाही, लाज वाटते. कीव मागणारा फोटो आणि हक्क मागणारा फोटो यांत हाच फरक आहे. त्या लेखाची किंमतही त्या माणसांनी मोजली. लेखात बोलणाऱ्या एका शिक्षिकेची नोकरी गेली आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले.

‘लाइफ’ने २४ सप्टेंबर १९५६ च्या अंकात त्यातले सव्वीस फोटो छापले. बाकीचे हरवले असेच सगळे धरून चालले होते. पार्क्स ७ मार्च २००६ रोजी वारला. त्याच्या नावाच्या संस्थेत त्याचे काम जपले जाते. तिथे त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी एका जुन्या खोक्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या दोनशेहून अधिक रंगीत फिल्म सापडल्या. वर चिकटपट्टी आणि त्यावर विषयाचे नाव. ती दोन शब्दांची चिठ्ठी नसती तर? पुढे अटलांटाच्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले आणि नव्या पिढीने ते फोटो पाहिले.

अटलांटाचाच एक मुलगा टायलर मिचेल, जन्म १९९५. ‘व्होग’ मासिकाला सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो कृष्णवर्णीय फोटोग्राफरने कधी काढला नव्हता. सप्टेंबर २०१८ च्या अंकासाठी तो या तेवीस वर्षांच्या पोराने काढला, गायिका बियॉन्सेचा. पुढच्याच वर्षी त्यातला एक फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयाने घेतला. २०२० साली पार्क्सच्या नावाची अभ्यासवृत्तीही त्याला मिळाली. खोके जपले की पुढचा मुलगा मोकळ्या मैदानात उभा राहत नाही, कुणाच्या तरी खांद्यावर उभा राहतो.

आणखी एक उदाहरण. शिकागोच्या जॉन्सन कंपनीची ‘एबनी’ आणि ‘जेट’ ही कृष्णवर्णीयांची घराघरांतली नियतकालिके. लग्ने, नट्या, कपडे, पुढारी, सगळे त्यांत. १९५५ साली गोऱ्यांनी हालहाल करून मारलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलचा चेहरा आईच्या इच्छेने जगाला दाखवला तो ‘जेट’नेच. कंपनी बुडाली आणि चाळीस लाखांहून अधिक फोटो लिलावात निघाले. २०१९ साली चार धर्मादाय संस्थांनी मिळून सुमारे तीन कोटी डॉलर देऊन ते घेतले आणि सार्वजनिक संस्थांच्या हवाली केले. नाहीतर एका समाजाची सत्तर-ऐंशी वर्षे कुणाच्या तरी खासगी तिजोरीत गेली असती.

आपल्याकडे तीन कोटी डॉलर नाहीत. पण आपल्याकडे पेट्या आहेत. पलंगाखालच्या ट्रंका आहेत, साड्यांच्या घडीतली पाकिटे आहेत. पार्क्सचा लेख छापून आला त्यानंतर वीसच दिवसांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपली माणसे पांढरी वस्त्रे नेसून नागपूरला जमली. त्या दिवसाचे फोटो आपण भक्तिभावाने पाहतो. व्यासपीठावरची नावे आपल्याला पाठ आहेत. समोर बसलेल्या त्या पांढऱ्या लुगड्यांतल्या बायांची नावे किती जणांना सांगता येतील? त्यातली एखादी आपलीच आजी असेल.

म्हणून आमची विनंती अशी. या रविवारी पेटी उघडा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोतले कोण ते विचारा. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेनने लिहू नका, ते पुढे उमटते. ‘अमक्याची बायको’ असे लिहू नका, तिचे नाव लिहा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. जुने फोटो लॅमिनेट करू नका. कागदी पाकिटात घालून जमिनीपासून उंच, ओल नसेल तिथे ठेवा. मोबाईलवर प्रत जरूर काढा, पण मूळ फोटो फेकू नका. कुणी लेखासाठी किंवा प्रदर्शनासाठी मागायला आला तर प्रत द्या, मूळ आपल्या घरी ठेवा आणि फोटोखाली नाव छापायचे कबूल करून घ्या.

ज्या घरात विचारायला म्हातारे माणूस अजून आहे, त्या घराने उशीर करू नये.