आमच्या नातीचा ‘ठेका’

गेल्या श्रावणात आमच्या घरी एक मासिक जन्माला आले. आता दिवाळी अंकाच्या वाचकांना मासिकाच्या जन्माचे कौतुक ते काय? मराठीत मासिके जन्मतात आणि पुष्कळदा बारशाच्या आतच निवर्ततात, हे आपण सारेच पाहत आलो आहोत. पण या मासिकाची संपादिका होती चौदा वर्षांची, कचेरी होती कात्रजच्या आमच्या फ्लॅटमधले जेवणाचे टेबल, आणि मुद्रितशोधक म्हणून नेमणूक झाली होती माझी. अर्थात बिनपगारी.

झाले असे, की नातीच्या शाळेत प्रत्येकाला एकेक मासिक तयार करायला सांगितले. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधल्या जोडपानावर एक मुलाखत एवढे असलेच पाहिजे. विषय ज्याचा त्याने निवडावा. कुणी क्रिकेट घेतले, कुणी खाद्यपदार्थ. आमच्या बाईसाहेबांनी घेतले पॉप संगीत. ‘तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी’ असे तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि खाली दोन ठसठशीत रेघा मारल्या. माझ्यासारख्यांनी लुडबूड करू नये, हा त्याचा अर्थ.

पण मला राहवते थोडेच! मी हाडाचा जुळारी. १९६८ साली सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, तो ऑफसेट आणि संगणक येऊन आमच्या केसा भंगारात जाईपर्यंत तेच केले. शाईचा वास आला की अजून मान वळते.

मासिकाचे नाव ठरले ‘ठेका’. मला आवडले. आमच्या सौ. मात्र म्हणाल्या, “अगं, कुणी कंत्राटदारांचं मासिक समजेल हो!” नात म्हणाली, “आजी, कंत्राटदार तेरा वर्षांचा नसतो.” नाव कायम झाले.

पहिले मुखपृष्ठ तिने लॅपटॉपवर करून दाखवले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे, आणि नाव ऐटदार दिसावे म्हणून अक्षरांत अंतर सोडलेले. इंग्रजी अक्षरे अशी विरळ केली तर शोभतात. आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा असते. ‘ठे’ आणि ‘का’ यांच्यामध्ये ती तुटली होती. बत्तिशीतला एक दात पडावा तशी. मी तिला कमल शेडग्यांनी केलेली नाटकांच्या नावांची अक्षरे दाखवली. २०२० साली ते गेले. पण जाहिरातीत त्यांनी काढलेले नाव वाचले की नाटक विनोदी आहे की गंभीर, हे तिकीट काढण्याआधीच कळायचे. नात बराच वेळ पाहत बसली. मग तिने शिरोरेषा अखंड ठेवली आणि ढोलाला टिपरू लागल्यावर पान थरथरावे तशी ती किंचित हलती काढली. पिवळा रंग जाऊन तिथे गडद जांभळा आला. मी मनात म्हटले, पोरगी शिकणार.

पण शिकवणे एकतर्फी राहिले नाही. आतल्या पानावर तिने बारा लहान लहान चौकटी केल्या होत्या. मी म्हणालो, “हे काय मांडवातले स्टॉल? सलग दोन स्तंभ लिही की!” ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही पान वरून खाली वाचता. आम्ही कुठूनही शिरतो.” विचार केला तेव्हा पटले. वाड्याला दिंडीदरवाजा असतो तसा मागचा दरवाजाही असतो. माणूस कुठून का होईना, आत आला म्हणजे झाले.

तिने शोधाशोधही बरीच केली होती. इंग्लंडात १९७८ साली ‘स्मॅश हिट्स’ नावाचे नियतकालिक निघाले. लोकप्रिय गाण्यांचे शब्द छापायचे आणि गायकांना गंभीर प्रश्न न विचारता थट्टेचे विचारायचे, ही त्याची युक्ती. २००६ साली ते बंद पडले. त्यात काम करणारा नील टेनंट पुढे स्वतःच ‘पेट शॉप बॉइज’मध्ये गाऊ लागला, म्हणजे मुलाखती घेता घेता मुलाखती द्यायला लागला! आपल्याकडे कलकत्त्याला ‘स्टेट्समन’ने १९६७ साली डेस्मंड डॉइग यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्युनिअर स्टेट्समन’ काढले. ते दहा वर्षे चालले. अलाहाबादेत अमित सैगल यांनी १९९३ साली ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले. हे सारे इंग्रजीत. मराठी मुलांसाठी १९०६ साली ‘आनंद’ आले, १९७१ साली बालभारतीचे ‘किशोर’ आले. पण गाण्यासाठी आम्हाला मासिक कुठले? आम्ही सिनेमागृहाबाहेर गाण्यांची चोपडी घ्यायचो आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘गीतमाला’ ऐकत पेन्सिलीने शब्द दुरुस्त करायचो. तोच आमचा ‘ठेका’.

गाण्याचे शब्द छापायची कल्पना तिलाही सुचली होती. तेव्हा मात्र मी जुन्या छापखान्याच्या आवाजात सांगितले, “गीतकार हयात असेतो आणि त्यानंतर साठ वर्षे ते शब्द त्याचे. विचारल्यावाचून घ्यायचे नाहीत.” तिने गाणी वगळली. इथवर सारे गोडीगुलाबीत चालले होते.

मग आले मधले जोडपान.

तिने पाने सोळा केली होती. मधोमध टाचणी मारायची तर पाने चारच्या पटीत हवीत, हे मी आधीच बजावले होते. सोळा पानांत आठवे आणि नववे पान एकाच कागदावर येते; तिथे मोठे चित्र मध्ये न तुटता बसते. त्या मानाच्या जागी तिने एका नामांकित रॅपरची मुलाखत टाकली होती. २०२३ साली ताडीवाला रोडच्या एम. सी. स्टॅनने ‘बिग बॉस’ जिंकल्यापासून पुण्याच्या पोरांना रॅप म्हणजे आपल्या गल्लीतला खेळ वाटू लागला आहे. हा रॅपर दुसरा, पण तितकाच गाजलेला. मुलाखत चुरचुरीत होती. बालपणीचे हाल, आईचे अश्रू, पहिली कमाई. मी विचारले, “हा तुला भेटला कुठे?”

“भेटला नाही, आजोबा. मीच लिहिली. नुसतं डिझाइनसाठी आहे. वर्गात सगळ्यांनी तसंच केलंय.”

मी चष्मा काढून ठेवला. तिला सांगितली ती गोष्ट मी सौ.लाही कधी सांगितली नव्हती.

मी नवा जुळारी असताना आमच्याकडे एक लहानसे साप्ताहिक छपाईला यायचे. त्यात एकदा एका लोकनाट्यात गाणाऱ्या बाईंची मुलाखत आली. बाप दारुडा, त्याने पोर वाऱ्यावर सोडली, मग ती फडात आली, वगैरे. ते सारे मी या बोटांनी जुळवले; अगदी मन लावून, कारण मजकूर रसाळ होता. अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी त्या बाई छापखान्यात आल्या. हातात घडी केलेला अंक. संपादक नव्हते, मालक नव्हते. केसपाशी मी एकटा. त्या म्हणाल्या, “हे मी कधी बोलले? माझ्या बापानंच मला गाणं शिकवलं. गावात त्याला शेजाऱ्यानं हे वाचून दाखवलं. तो दोन दिवस जेवला नाही.” ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. तीही मीच जुळवली. ती त्या म्हाताऱ्याला कुणी वाचून दाखवली असेल, असे मला वाटत नाही.

नात काही बोलली नाही. उठून आत गेली. रात्री सूनबाई म्हणाल्या, “बाबा, शाळेचा प्रकल्प तो! उद्याच्या उद्या ती दुसरी मुलाखत आणणार कुठून?” चिरंजीवांनीही मान हलवली. दोन दिवसांवर मुदत आलेली. मलाही रात्रभर वाटत राहिले, की म्हाताऱ्याने आपले जुने ओझे पोरीच्या डोक्यावर दिले.

सकाळी पाहतो तो आठवे आणि नववे पान कोरे! आणि बाईसाहेब चपला घालून दारात. “आजोबा, चला. मागच्या गल्लीत.”

मागच्या गल्लीत एक सोळा वर्षांचा मुलगा राहतो. वडील टेम्पो चालवतात. गणपतीत तो ताशा वाजवतो, हे मला ठाऊक होते. तो मोबाइलवर गाणी करतो, हे नातीला ठाऊक होते. रात्री रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज शिरू नये म्हणून डोक्यावरून दोन गोधड्या घेऊन तो गाणे म्हणतो. भर मे महिन्यातसुद्धा! त्याचे एक गाणे कात्रजच्या पाण्यावर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथल्या तलावातून नळ बांधून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत नेले. आणि आज तलावाच्या उशाशी राहणारे आम्ही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. एवढा इतिहास त्या पोराने ताशाच्या ठेक्यावर बसवला होता. वाटव्यांच्या भावगीतांनी आमच्या वडिलांची पिढी वेडी झाली, तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असणारच. मी घातल्या नाहीत. मला गाणे कळले.

पण मुलाने अट घातली. नाव छापायचे नाही आणि चेहरा नको. “पप्पांना माहीत नाही. त्यांना वाटतं मी अभ्यास करतो.”

मुलाखत आहे, पण नाव नाही आणि चेहराही नाही! मासिकाच्या दृष्टीने याहून अवघड पान कुठले? मी म्हणालो, “सोडून दे, पोरी.” ती म्हणाली, “थांबा.” तिने त्याला घराबाहेरच्या पाण्याच्या निळ्या पिंपावर ठेका धरायला लावला आणि फक्त हातांचे छायाचित्र घेतले. दोन्ही पानांवर पसरलेले ते हात, खाली निळे पिंप आणि बाजूला प्रश्नोत्तरांचा एकच अरुंद स्तंभ. नावाच्या जागी ‘आमच्या मागच्या गल्लीतला’. मी पन्नास वर्षे पाने पाहिली. असे पान क्वचित पाहिले.

छापण्यापूर्वी तिने ते त्याला वाचायला नेले. हे मी सांगितले नव्हते. त्याने एकच शब्द बदलला: ‘गरीब’ खोडून ‘टेम्पोवाले’ लिहिले.

शाळेत गुण बरे मिळाले, फार नव्हेत. ‘मुलाखत प्रसिद्ध व्यक्तीची असती तर मुखपृष्ठ अधिक आकर्षक झाले असते,’ असा शेरा होता. शेरा चूक होता असे नाही. मुखपृष्ठावर ओळखीचा चेहरा असला की अंक उचलला जातो, हे कुठलाही स्टॉलवाला सांगेल. नात जरा हिरमुसली. पण तिने काढलेल्या वीस प्रती आठवड्यात संपल्या, आणि मुली मधले पान उघडून विचारू लागल्या, “कोण गं हा?” तिने कुणालाही सांगितले नाही.

शेवटची प्रत मी माझ्यासाठी ठेवली होती. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात तो मुलगा. आपली प्रत त्याला आधीच मिळाली होती. त्याला आणखी एक हवी होती.

“मित्राला का?” मी विचारले.

तो चपलेच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मग म्हणाला, “नाही, आजोबा. पप्पांना. मधलं पान मी आज त्यांना वाचून दाखवणार आहे.”

मी माझी प्रत त्याला देऊन टाकली.