नियमपुस्तिका तलाठ्याला, कोरा पडदा शेतकऱ्याला

महसूल खात्याचा कारभार नियमपुस्तिकेवाचून कधीही चाललेला नाही. गावाचे १ ते २१ नमुने कसे ठेवावेत, कोणत्या रकान्यात काय लिहावे, हे सांगणारे अँडरसनचे मॅन्युअल इंग्रजी अमदानीत तयार झाले आणि स्वातंत्र्यानंतरही तलाठ्याच्या दप्तराचा आधार राहिले. पगारी नोकराला हे काम पुस्तकावाचून जमेल, असे सरकारने कधी मानले नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून मात्र यांतील बाराव्या नमुन्याचे, म्हणजे पीकपेरा नोंदवण्याचे काम ई-पीक पाहणीच्या ॲपद्वारे शेतकऱ्याच्या हाती देण्यात आले. आपल्या शेतातील पीक आपणच नोंदवावे, या तत्त्वाला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो काम सोपवताना पुस्तिका मागे ठेवण्याला.

लोणावळ्याजवळचे औंढे घ्या. खरिपाची पाहणी ऐन पावसाळ्यात येते, आणि मावळचा पाऊस म्हणजे काय हे भातखाचरात उभे राहिल्यावाचून मंत्रालयात कळत नाही. खाते, गट, क्षेत्र, पोटखराबा, हंगाम, सिंचनाचे साधन असे एकेक निवडत, शेवटी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे. एकाच गटात चार भाऊबंदांची सामाईक नावे असतील तर कोणी किती क्षेत्र दाखवायचे? रेंज नसताना भरलेली माहिती पोहोचली की नाही, हे कशावरून ओळखायचे? अशा प्रसंगी पडदा काही बोलत नाही.

मार्गदर्शक चित्रफिती आहेत, असे उत्तर यावर मिळते. आहेत, हे खरे. पण त्या पाहण्यासही तीच रेंज लागते, आणि ॲपची आवृत्ती बदलली की जुनी चित्रफीत वाट चुकवते. शिवाय सारे सुरळीत चालले तर काय होते, एवढेच त्यांत बहुधा दिसते. बिघडले तर काय करावे, हा माणसाचा खरा प्रश्न. २०२२ च्या आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांच्या आत शेतकऱ्याने स्वतः दुरुस्त करण्याची सोय आली. ज्याला ती कोणी सांगितली नाही, त्याच्यासाठी ती सोय झालीच नाही असे म्हणावे लागेल.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सर्वत्र पीकपेरा विचारला जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जमिनीचा कागद. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कूळ कायद्याचा लाभ मागताना, कसणाऱ्याचे नाव पाहणीपत्रकी नाही म्हणून किती कुळांना हक्क शाबीत करणे जड गेले, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. ज्या मावळात जमिनीवर पुण्यामुंबईच्या बंगलेवाल्यांचा डोळा आहे, तेथे शेतावर काय पिकते याची नोंद कोरी राहणे कोणाच्या पथ्यावर पडेल?

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर नागवणाऱ्या कुळकर्ण्यावर त्यांनी आसूड ओढला. कुळकर्णी वतन गेले. पण न कळणाऱ्या यंत्रणेच्या दाराशी नवा मध्यस्थ उभा राहतोच. पन्नास-शंभर रुपये घेऊन दुसऱ्याचा सांकेतिक क्रमांक विचारून घेणारा हा मध्यस्थ दुष्ट असतो असे नव्हे, बहुधा तोही बेकार तरुणच असतो. त्याला जन्म दिला तो न लिहिलेल्या पुस्तिकेने. संगणकतज्ज्ञांना पुस्तिका लिहिणे हलके काम वाटते आणि निविदा काढणाऱ्यांना तो वायफळ खर्च वाटतो; दोघांचीही झळ शेतकऱ्याला बसते.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार सरकारी कार्यालयाने आपल्या नियमपुस्तिका आपणहून प्रसिद्ध करावयाच्या आहेत, आणि माहितीचा प्रसार स्थानिक भाषेचा व त्या भागात परिणामकारक ठरणाऱ्या साधनांचा विचार करून व्हावयाचा आहे. औंढ्यात ते साधन चावडीची भिंत आणि छापील कागद हेच आहे. मावळातील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वीच्या ग्रामसभांत ठराव मांडावेत: मराठीतील छापील पुस्तिका, तिच्यावर आवृत्तीची तारीख, चुका व त्यांच्या दुरुस्तीचे स्वतंत्र पान, आणि पेरणीआधी चावडीवर तिचे जाहीर वाचन. ठरावाची प्रत तहसीलदारांना देऊन पोच घ्यावी.