‘मस्ट’ आणि रजेचा अर्ज

दरवर्षी रजेचे इंग्रजी अर्ज आमच्या हाती येतात, आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : ‘यू मस्ट ग्रँट मी लीव्ह.’ मुलाच्या मनात विनंती असते, कागदावर मात्र हुकूम उतरतो. मुलगा उद्धट नसतो. ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ एवढेच त्याच्याकडून पाठ करवून घेतलेले असते, आणि हा दोष आम्हां शिक्षकांचा आहे.

‘पाहिजे’ हा शब्द फार मोठ्या पोटाचा. ‘मला पाणी पाहिजे’, ‘वडिलांचा मान राखला पाहिजे’, ‘दिवा जळतो आहे, म्हणजे घरात कोणी असले पाहिजे’. इच्छा, कर्तव्य आणि अनुमान ही तिन्ही त्यात मावतात. (आमच्या घरच्या कोंकणीतील ‘जाय’ हा शब्दही पहिली दोन कामे करतो.) ‘मस्ट’ला त्यांतील इच्छा मुळीच चालत नाही. नकारात तर घोटाळा अधिकच : ‘मस्ट नॉट गो’ म्हणजे जाता कामा नये, ‘नीड नॉट गो’ म्हणजे न गेले तरी चालेल.

‘शॅल’ला आम्ही भविष्यकाळात कोंडून ठेवतो. पण भारतीय संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदात कायद्यापुढील समानतेविषयी राज्यसंस्थेला ‘शॅल नॉट डिनाय’ असे बजावले आहे. ते भाकीत नव्हे, बंधन आहे.

यास्तव या साहाय्यक क्रियापदांचे तक्ते घोकविणे थांबवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोच मुलगा मराठी अर्जात ‘रजा मिळावी’ असे बिनचूक लिहितो. त्याला आधी ते वाक्य म्हणू द्यावे. त्या ‘मिळावी’त ‘मस्ट’ बसत नाही, हे तो स्वतःच सांगेल. मग ‘मे’ पुरविणे तेवढे आमचे काम.