पुढील चाकांची जोड सुटत नाहीं, तेव्हां

हल्लीं रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबा-काजूच्या बागांतून व भाताच्या मळ्यांतून लहान ट्रॅक्टर दिसूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. यांपैकीं पुष्कळांस चारी चाकांस जोर देण्याची, म्हणजे फोर व्हील ड्राईव्हची, सोय असते. ही सोय आपल्या मुलखास अगदींच नवी नाहीं. मुंबईस महिंद्रा कंपनीनें १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीस जातीच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला, तेव्हांपासून लोक ती पाहत आले आहेत. तथापि तिच्यासंबंधीं एक तक्रार वारंवार कानीं येते, ती ही कीं, जोड लागते, पण सुटत नाहीं. मग मालक दांड्यास लाथ मारतो, ड्रायव्हर हातोडा काढतो, आणि मेस्त्री गियरपेटी उघडण्याचा सल्ला देतो. या तिन्ही उपायांपूर्वीं शेतकऱ्यानें कारणाचा शोध घ्यावा, व तो कसा घ्यावा हें आपल्या संस्थेनें त्यास शिकवावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहूं. साध्या ट्रॅक्टरांत जोड लावली म्हणजे पुढील व मागील आंस एकमेकांस पक्के बांधले जातात. सरळ जातांना पुढचीं चाकें जमीन किंचित् अधिक ओढतील अशी कारखान्याचीच योजना असते. हा फरक शेंकडा १ ते ५ च्या आसपास असतो. वळणावर तर फरक फारच वाढतो. दोन आंसांमधील अंतर दीड मीटर आहे, व मागचा आंस अडीच मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत काटकोनांत वळला, असें समजा. मागच्या आंसानें सुमारें ३.९ मीटर वाट कापली, तर पुढच्यास सुमारें ४.६ मीटर कापावी लागते. म्हणजे एका वळणांत जवळजवळ ६५ सेंटीमीटरांची तफावत! चिखलांत चाक थोडें घसरतें व हिशेब तेथल्या तेथें मिटतो. डांबरी रस्त्यावर किंवा जांभ्याच्या कातळावर चाक घसरत नाहीं. मग ही बाकी पुढें ओढली जाते, आणि शेवटीं ती आंसांच्या व दांतांच्या अंगीं पिळाच्या रूपानें सांचते. पीळ भरलेले दांत एकमेकांस घट्ट आवळून धरतात, म्हणून दांडा हलत नाहीं. यांत मोडलेलें कांहींच नसतें.

अशा वेळीं हातोड्यानें काय साधतें? आंतील चिमटा वांकतो, किंवा दांत अर्धवट सुटून त्यांच्या कडा झिजतात. जी अडचण दहा मिनिटांत दूर झाली असती, तिचें खरें बिघाडांत रूपांतर होतें, आणि चिखलणीचे मोलाचे दिवस मेस्त्रीची वाट पाहण्यांत जातात. लावणी कोणासाठीं थांबत नाहीं.

खरा उपाय सोपा आहे. ट्रॅक्टर सपाट व मऊ जमिनीवर आणावा. चाकें सरळ करून सावकाश गियरमध्यें दोन-तीन मीटर मागें न्यावा, पुन्हां थोडा पुढें घ्यावा. नंतर त्या यंत्राच्या माहितीपुस्तकांत सांगितल्याप्रमाणें थांबून व क्लच दाबून दांड्यावर हलका जोर द्यावा. पीळ उलगडतांक्षणीं दांडा आपोआप सरकतो. मऊ जमीन जवळ नसेल, तर सपाट जागीं इंजिन बंद करावें, मागच्या दोन्ही चाकांस पुढून-मागून पाचरी द्याव्या, हातब्रेक लावावा, आणि पुढचें एक चाक जॅकनें उचलावें. पीळ सुटतांना तें चाक एकाएकीं फिरण्याचा संभव असतो, म्हणून हातपाय दूर ठेवावे.

त्याच स्थितींत परीक्षाहि होते. दांडा सोडलेल्या बाजूस ठेवून उचललेलें चाक हातानें फिरवून पाहावें. तें सहज फिरलें, तर जोड सुटली आहे. फळीवरील दिवा पेटलेला असेल, तर दोष दिव्याच्या बटणांत किंवा तारेंत शोधावा. चाक फिरत नसेल, तर दांड्याखालीं वांकून पाहावें. वरचा दांडा हलतो पण पेटीवरील आडदांडा हलत नाहीं, असें असेल तर कळींत गंज, वाळलेला चिखल किंवा तुटलेली पिन सांपडेल. आपल्या खाऱ्या हवेंत हें कारण क्षुल्लक मानूं नये. लावणीनंतर हा भाग धुऊन ग्रीस देणें अगत्याचें आहे. आडदांडा पुरता सरकूनहि चाक बांधलेलेंच राहिलें, तरच दोष पेटीच्या आंत आहे, व तेव्हांच ती उघडावी.

बटणावर चालणाऱ्या यंत्रांत फ्यूज, तारा व तेलाचा दाब आधीं पाहावा. कित्येक मोठ्या ट्रॅक्टरांत जोड स्प्रिंगनें लागते व तेलाच्या दाबानें सुटते. त्यांत वीज किंवा दाब तुटला कीं जोड लागलेलीच राहते. तसेंच एकाच आंसावर झिजलेले टायर बदलून दुसऱ्या आंसाचे जुने ठेवले, अथवा वेगळ्या मापाचे बसविले, तर पीळ नित्य भरत राहतो. हवेचा दाब मोजणें हें तर सर्वांत स्वस्त औषध आहे.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, चारी चाकें ओढतात तर ओढूं द्यावीं. सोडण्याची एवढी खटपट कशाला? याचें उत्तर टायर देतात. कठीण रस्त्यावर जोड लावून नित्य फिरणाऱ्या ट्रॅक्टराचे पुढचे टायर लवकर झिजतात, सुकाणू जड होतें, व पुढील आंसावर विनाकारण भार येतो. परंतु उलट टोंकासहि जाऊं नये. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागच्या चाकांवर असतात, आणि जोड लागलेली असली म्हणजेच तो जोर पुढच्या चाकांपर्यंत पोंचतो. आपल्या वरकस जमिनींच्या ओल्या उतारावर, मागें ट्रॉली असतां, अडकलेली जोड सोडवूं पाहणें म्हणजे अर्धा ब्रेक काढून टाकणें होय. टायर पुन्हां विकत मिळतो. माणूस मिळत नाहीं. उतारावर जोड राहूं द्यावी, आणि सपाटीस आल्यावर सोडवावी.

खरी अडचण अशी आहे कीं, ट्रॅक्टर घेणारा एक, चालविणारा दुसरा, आणि माहितीपुस्तक बहुधा कपाटांत बंद. म्हणून संस्थेनें दरवर्षीं मृगापूर्वीं एक दिवस ठरवून मालक व ड्रायव्हर दोघांसहि हें प्रत्यक्ष करून दाखवावें. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठांत कृषि अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे. तेथील जाणत्यांस पाचारण करावें. संस्थेच्या गोदामांत एक भक्कम जॅक, चार पाचरी व हवा मोजण्याचें यंत्र सभासदांसाठीं ठेवावें. विक्रेत्याकडून सुबोध मराठींत एक पान तरी लिहून मागावें. यास खर्च थोडाच आहे. लाखों रुपयांचें यंत्र घेऊन त्याचा स्वभाव न जाणणें, हें बैल घेऊन त्याचे दांत न पाहण्यासारखें आहे. सभासदांनीं येत्या सभेंत या सूचनेचा अवश्य विचार करावा, अशी विनंती आहे.