गाडीची नाडी : पहिल्या मिनिटाचा धूर



या वेळचा विषय धूर. फटाक्यांचा नव्हे, गाडीचा. मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचं आणि कामाला शेजारच्या मुसफ्फात जायचं, असं आपल्यापैकी अनेकांचं असतं. दारात पिकअप किंवा छोटा ट्रक उभा. सकाळी किल्ली फिरवली की मागून भपका निघतो आणि गॅरेज येईपर्यंत गायब होतो. मग मेकॅनिक एक तर म्हणतो, "काहीच दिसत नाही," नाही तर थेट, "इंजिन खोलावं लागेल." दोन्ही उत्तरं महागात पडू शकतात. त्या पहिल्या मिनिटाचे साक्षीदार तुम्हीच असता, म्हणून रंग, वास आणि वेळ या तीन गोष्टी टिपून ठेवा.

पातळ पांढरा, बिनवासाचा, लगेच विरणारा : ही नुसती वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते साचतं. जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी हे दिसणारच. काळजी नको.

दाट पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा : डिझेल न जळताच बाहेर पडतंय. आधी हीटर प्लग तपासून घ्या. ते ठीक असतील तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.

पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा : कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असावं, बहुधा हेड गॅस्केटमधून. कूलंटच्या बाटलीवर पातळीची खूण करा आणि रोज सकाळी थंड इंजिनावर बघा. पातळी उतरत असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या. इथल्या उन्हाळ्यात असं इंजिन तापायला वेळ लागत नाही. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

निळसर, काही सेकंदच : रात्रभरात व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल खाली झिरपलं आणि सुरू करताच जळलं. उष्णतेने सीलचं रबर कडक होतं, म्हणून जुन्या गाड्यांत हे नेहमीचं. बऱ्याच इंजिनांत हेड न काढता सील बदलता येतात. म्हणून इंजिन खोलायला होकार देण्यापूर्वी "फक्त सील बदलून भागेल का?" हे विचाराच. निळा धूर चालवतानाही येत राहिला तर मात्र रिंग किंवा टर्बोकडे बघावं लागतं.

काळा : डिझेल जास्त, हवा कमी. वाळूच्या वादळानंतर पहिला संशय एअर फिल्टरवर. जुन्या डिझेल गाडीचा सुरुवातीचा छोटा काळा भपका चालतो. पण धुराची काजळी अडवणारा फिल्टर बसवलेल्या नव्या गाडीतून काळा धूर दिसला, तर तो फिल्टर फुटला असण्याची शक्यता मोठी.

गावाकडे विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन असलेल्या घरांना हे ज्ञान नवं नाही. पुण्याजवळच्या खडकीत 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी सुरू झाली, आणि धुराचा रंग बघून इंजिनाची तब्येत सांगणारी माणसं पुढे गावोगाव तयार झाली. आता हे काम इथल्या मुलांकडे द्या. मुलांनो, बाबा गाडी सुरू करतील तेव्हा बाजूला सुरक्षित उभं राहून मागून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. मेकॅनिकला लांबलचक वर्णनापेक्षा तो जास्त कळतो. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात ठेवा आणि सकाळी मेकॅनिकसमोरच सुरू करा.

जुनी गाडी घेतानाही हाच नियम. बघायला गेलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाला सांगा, "उद्या सकाळी येतो, तोवर सुरू करू नका." तो कुरकुरला तर काय समजायचं ते समजा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. धूर तपासायचा तो उघड्यावर. व्हिलाच्या बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. जीव घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. त्याची साक्ष द्यायला कुणी उरत नाही.

सुट्टीत भारतात जाऊन आलात की महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिला धूर जरूर बघा. शुभ दीपावली!