ताज्या भाजीचा ताळेबंद

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरी एक यंत्र आले. पिशवीतील हवा शोषून घेऊन तिचे तोंड उष्णतेने बंद करणारे हे यंत्र सूनबाईंनी ४,५०० रुपयांस मागविले होते. त्याच्यासोबत फ्रिजच्या कप्प्यात ठेवावयाच्या, फळांतून निघणारा वायू शोषणाऱ्या काही पुड्याही आल्या. आमच्या सौभाग्यवतींनी खोक्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘भाजी टिकवायची कशाला? आणावी आणि संपवावी.’’ सूनबाई नोकरी करतात, सायंकाळी सातला घरी येतात. रोज भाजीबाजार करणे त्यांना शक्य नाही. दोघींचेही म्हणणे खरे होते. स्वयंपाकघरात त्या दिवशी फारसे कोणी बोलले नाही आणि रात्री प्रकरण निर्णयासाठी माझ्यापुढे आले.

बँकेत सारा जन्म कर्जाचे अर्ज तपासण्यात गेला. अर्जदार कितीही सज्जन असो, आकडे पाहिल्यावाचून मंजुरी द्यावयाची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मी म्हटले, यंत्र तूर्त खोक्यातच राहू द्या. आधी आपल्या घरात वाया काय जाते, ते पाहू. संक्रांतीनंतर आठ आठवडे मी एक वही ठेवली. कोणती भाजी, कोणते फळ, किती रुपयांचे आणले, किती रुपयांचे टाकून द्यावे लागले, आणि का. ‘का’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, हे मला वही लिहू लागल्यावर समजले.

आठ आठवड्यांत भाजीपाला व फळे मिळून ९,२४० रुपयांची खरेदी झाली आणि त्यातील १,०८० रुपयांचा माल टाकून द्यावा लागला. म्हणजे सुमारे बारा टक्के. वर्षाचा हिशेब केल्यास ही रक्कम सात हजारांवर जाते. यंत्राची किंमत पाहता सूनबाईंची बाजू भक्कम दिसत होती. परंतु ‘का’चा रकाना वेगळेच सांगत होता. १५० रुपयांचा माल बाजारातून येतानाच दबलेला, डागाळलेला होता. २१० रुपयांचा माल कप्प्याच्या तळाशी विसरला गेला होता. उरलेल्या ७२० रुपयांपुढे एकच नोंद पुनःपुन्हा आली होती: ‘गरजेपेक्षा जास्त आणले’. आणि ते आणणारा मनुष्य, वाचकहो, मीच होतो.

दर रविवारी सकाळी मी बाजारात जातो. मेथीची एक जुडी वीस रुपयांना आणि तीन जुड्या पन्नासला मिळत असतील, तर माझा हात आपोआप तीन जुड्यांकडे जातो. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच होत असावे. ठोक भावाचा मोह आपल्या रक्तातच आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यावरच घरे उभी केली. तीन जुड्यांत दहा रुपये वाचवून घरी यावे आणि बुधवारी त्यातील दीड जुडी, म्हणजे पंचवीस रुपयांची मेथी, कचऱ्यात जावी, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला होता. त्याची खतावणी कोणी केली नव्हती, इतकेच.

येथे एक जुनी आठवण सांगतो. नोकरीत असताना तासगाव भागातील शीतगृहांत तारण ठेवलेल्या बेदाण्याची तपासणी करण्यास मला जावे लागे. बेदाणा उघड्यावर राहिला की काळवंडतो. थंडीत ठेवला तर त्याचा रंग टिकतो आणि व्यापाऱ्याला चांगल्या भावाची वाट पाहता येते. शीतगृहाचे भाडे, विमा, कर्जावरील व्याज, हे सारे तो देतो, कारण पुढे भाव वाढण्याची त्याला आशा असते. घरातल्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या कोथिंबिरीला मात्र शुक्रवारी अधिक भाव येत नाही. तिच्या साठवणुकीवर केलेला प्रत्येक रुपया हा निव्वळ खर्च होय. साठवण हा व्यापारात गुणच. तोच गुण आपण स्वयंपाकघरात आणला आणि तेथे तो तोट्यात गेला, असे मला आता वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, दुकाने, उपाहारगृहे व घरे मिळून २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे साठ टक्के घराघरांतले होते. तेव्हा हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नव्हे.

आता यंत्रांविषयी. भाजी तोडली तरी ती मरत नाही, श्वास घेत राहते. प्राणवायू घेते, उष्णता व ओलावा सोडते आणि हळूहळू आपलाच साठा खाऊन संपते. थंडीने हा श्वास मंदावतो, म्हणून फ्रिज उपयोगी. पण ताज्या मेथीभोवतीची हवाच काढून घेतली, तर तिचा श्वास कोंडतो आणि तिला आंबूस वास येऊ लागतो. कोबी व फुलकोबी उकळत्या पाण्यातून काढल्याविना पिशवीबंद केल्यास त्यांतून वायू सुटतो आणि पिशवी फुगते. शिवाय हवा नसली म्हणजे जंतू नसतात, असे नव्हे. काही अत्यंत घातक जंतू हवा नसतानाच वाढतात. त्यामुळे चिरलेली भाजी पिशवीबंद करून ओट्यावर ठेवणे हे धोक्याचे आहे. तिला फ्रिज लागतोच.

परदेशात ही यंत्रे मुख्यतः शिजविलेले अन्न व मांस गोठवून ठेवण्यासाठी घेतली जातात. आपल्याकडे शिळे वर्ज्य, कंदमुळे वर्ज्य. इतर घरांत साठवणीचा मोठा भाग कांदा-बटाट्यांचा असतो. तो आपल्या घरी येतच नाही. आठम-चौदशीला अनेक घरांत हिरवी भाजी नसते आणि चातुर्मासात पालेभाजीही बंद असते. म्हणजे वर्षातील कित्येक दिवस त्या यंत्राला ताज्या भाजीचे कामच नाही.

तरीही मी उदारपणे गृहीत धरले की, ‘जास्त आणले’ या ७२० रुपयांपैकी चौथा हिस्सा यंत्र वाचवील. आठ आठवड्यांना १८० रुपये, म्हणजे वर्षाला १,१७० रुपये. आता पिशव्यांचा खर्च पाहावा. आठवड्याला तीन पिशव्या, प्रत्येकी आठ रुपये धरल्या तर वर्षाला १,२४८ रुपये होतात. यंत्राचा घसारा व वीज बाजूला ठेवली, तरी केवळ पिशव्यांनीच बचत खाऊन टाकली. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पिशव्या आयुष्यभर. विक्रेत्याचा खरा नफा तेथेच असतो, हे व्यापाऱ्याच्या घरात सांगण्याची गरज नाही. पिशव्या धुऊन पुन्हा वापरता येतात, असे सूनबाईंनी दाखवून दिले. ते खरे आहे. पण धुण्याचे काम कोणाकडे, या प्रश्नावर आमच्या घरी अद्याप एकमत झालेले नाही.

इतके झाल्यावर मी निकाल लिहिणार, तोच सूनबाईंनी डब्यातून अक्रोड काढून माझ्या हातावर ठेवले. आधीच्या दिवाळीत भेट आलेले ते अक्रोड खवट झाले होते. त्यांच्याबरोबरचे पिस्तेही तसेच. किंमत दोन हजारांहून कमी नसावी. ही नोंद माझ्या वहीत नव्हती, कारण वही मी भाजीची ठेवली होती. सुका मेवा खवट होतो तो मुख्यतः त्यातील तेलाचा हवेशी संयोग झाल्यामुळे. तेथे हवा काढून घेणारे यंत्र खरोखर कामाचे आहे. पिशवीबंद करून थंड जागी ठेवला तर मेवा कितीतरी अधिक काळ टिकतो. आपल्या घरांत सणासुदीला येणाऱ्या मेव्याचे प्रमाण पाहता, यंत्राची किंमत या एका कामातूनही भरून येऊ शकते. मी माझा निकाल मागे घेतला.

डाळी, रवा, कडधान्ये यांच्या बाबतीत आपल्या विचाराने पाहता आणखी एक मुद्दा आहे. स्वच्छ निवडलेले, उन्हात वाळविलेले धान्य लगेच हवाबंद केले तर बाहेरून जीव शिरत नाहीत. जीवोत्पत्ती टळणे हे नंतर औषध घालण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण ज्या धान्यात आधीच किडे आहेत ते तसेच पिशवीबंद केले, तर आतले जीव गुदमरून मरतात. तेव्हा निवडणे, चाळणे, वाळविणे हे आधी; यंत्र त्यानंतर. पिठाच्या बाबतीत ज्या घरी ऋतूनुसार मर्यादा पाळली जाते, तेथे यंत्राने ती मर्यादा वाढत नाही, याविषयी सौभाग्यवती ठाम आहेत आणि मीही.

वायू शोषणाऱ्या पुड्यांचे शास्त्र मात्र बनावट नाही. पिकणारी फळे एथिलिन नावाचा वायू सोडतात. सफरचंदातून तो निघतो, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. आंब्याची आढी घालणाऱ्या आपल्या आजोबांना त्याचे नाव माहीत नव्हते, पण एक पिकलेला आंबा शेजारच्या दहांना पिकवितो हे ते जाणून होते. केळी पिकविण्याच्या खोल्यांत आज हाच वायू मोजून सोडतात. हा वायू पालेभाजी, काकडी, ब्रोकोली यांना लवकर पिवळे करतो. पुडीतील जांभळे दाणे तो शोषून घेतात आणि संपले की तपकिरी होतात. मग पुडी बदलावी लागते. पण ज्या फ्रिजचे दार दिवसातून तीस वेळा उघडते, तेथे पुडीने किती काम केले हे कळणे कठीण. केळी, पपई, चिकू, सफरचंद पालेभाजीपासून दूर ठेवले की त्याच कामाचा मोठा भाग फुकटात होतो. ओझोन सोडणाऱ्या छोट्या यंत्राविषयी एका वाचक भगिनींनी विचारले होते. ओझोन जंतूंना मारक आहे, हे खरे. पण तो श्वासाबरोबर गेल्यास फुफ्फुसांनाही त्रासदायक आहे. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात मी तरी ते घेणार नाही.

सर्वांत स्वस्त उपाय शेवटी माझ्या जुन्या धंद्याच्या वस्तूने सापडला. फ्रिजच्या दारात एक नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावावे आणि नोट ओढावी. सहज निघाली, तर दाराचा रबर सैल झाला आहे. आमची नोट अगदी अलगद निघाली. रबर बदलला, आतील तापमान चार अंशांच्या आसपास येईल असे केले, आणि कप्प्याच्या पट्टीचा अर्थ प्रथमच वाचला: पालेभाजीला ओलावा अधिक, फळांना कमी. कोथिंबीर न धुता, निवडून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवली जाऊ लागली. टोमॅटो व केळी बाहेर आली. अति थंडीत केळ्याची साल काळी पडते आणि टोमॅटोची चव जाते. भेंडी, काकडी, वांगी यांनाही फार थंडी सोसत नाही. ती दोन-तीन दिवसांपुरतीच आणावीत.

मराठवाडा-विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात ज्यांचे अंगण आहे, त्यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या विटा, वाळू व पाण्याच्या शीतकक्षाचा विचार करावा. त्याला वीज लागत नाही. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचा मातीचा फ्रिजही पाणी सुकण्याच्या याच तत्त्वावर चालतो. मुंबई-कोकणातील दमट हवेत मात्र यांचा फारसा उपयोग नाही.

यंत्र आता कोठीच्या कपाटात आहे. महिन्यातून एक-दोनदा मेवा व डाळींसाठी निघते. सौभाग्यवतींनी परवा स्वतः त्यात बदाम बंद केले, सूनबाई घरी नसताना. पुड्या संपल्या, पुन्हा मागविल्या नाहीत. वही चालू आहे. फाल्गुनानंतरच्या आठ आठवड्यांत टाकलेल्या मालाची रक्कम १,०८० वरून ४३० वर आली. रविवारी बाजारात जाताना आता माझ्या हाती सूनबाईंच्या अक्षरातील चिठ्ठी असते. तिच्यावर मेथीपुढे ‘एक’ लिहिलेले असते आणि त्याखाली रेघ ओढलेली असते.