क्वांटमच्या सिनेमाला हवी नियमाची शिस्त

विज्ञानकथेवरच्या सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न पैशाचा येतो. अवकाशयाने, परग्रह, संगणकावर रचलेली दृश्ये हे सारे हॉलिवूडने करावे, आपल्याला ते कसे झेपणार, असे म्हणून विषय तिथेच मिटवला जातो. क्वांटम भौतिकीपुरते तरी हे म्हणणे टिकत नाही. या शास्त्रातला सर्वांत चक्रावणारा भाग डोळ्यांना दिसतच नाही. एखादा कण एकाच वेळी दोन अवस्थांत असू शकतो. मोजमाप केले की त्यांतली एकच हाती लागते. आणि ती कोणती असेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. यात भव्य देखावा उभारण्याजोगे काहीच नाही. पण असे माणसांच्या बाबतीत घडले तर पुढे काय काय ओढवेल, याची गोष्ट नक्की होते. अशी गोष्ट एका काटेकोर नियमावर उभी राहते. तो नियम शेवटपर्यंत पाळायला पटकथेवर मेहनत घ्यावी लागते आणि ती स्वतंत्र दिग्दर्शकाच्या आवाक्यातली आहे.

2013 साली आलेला जेम्स वॉर्ड बर्किट यांचा 'कोहेरन्स' याचा उत्तम दाखला आहे. सुमारे 50 हजार डॉलर खर्चून, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, पाच रात्रींत तो चित्रित झाला. आठ मित्रमंडळी जेवायला जमली आहेत, आकाशात धूमकेतू आहे आणि अचानक वीज जाते. साऱ्या परिसरात एकाच घरात उजेड दिसतो. तिथे गेलेले दोघे एक पेटी घेऊन परततात. पेटीत या आठ जणांचेच फोटो निघतात आणि प्रत्येकाच्या मागे एक आकडा लिहिलेला असतो. यांच्या हातात निळ्या प्रकाशकांड्या आहेत, पण वाटेत भेटलेल्या, हुबेहूब यांच्यासारख्याच माणसांच्या हातात लाल. दोन घरांमध्ये काळोखाचा एक पट्टा आहे आणि तो ओलांडणारा माणूस आपल्याच घरी परतेल याची खात्री नाही. सगळा सिनेमा या एका नियमावर चालतो. कलाकारांना संपूर्ण पटकथा दिलीच नव्हती; ज्याला त्याला रोज आपापल्या पात्रापुरत्या सूचना मिळत. त्यामुळे पडद्यावरचा गोंधळ खरा वाटतो. प्रकाशकांड्या, फासे आणि अंधार एवढ्या सामग्रीवर बर्किट यांनी अनेक विश्वांची कल्पना प्रेक्षकाच्या अंगावर काटा येईल इतकी जिवंत केली.

त्याआधी 2004 मध्ये शेन कॅरुथ यांच्या 'प्रायमर'ने हेच सिद्ध केले होते. गणित शिकलेल्या या दिग्दर्शकाने अवघ्या सात हजार डॉलरांत कालप्रवासाचा सिनेमा केला आणि सनडान्स महोत्सवाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवले. कणांच्या परस्परक्रियांच्या फाइनमन आकृत्यांमध्ये काळ पुढे चालला काय आणि मागे चालला काय, फारसा फरक पडत नाही, या विचाराने त्यांना चालना दिली होती. सिनेमातले यंत्र म्हणजे एक साधी पेटी. तिचा नियम मात्र कडक आहे: सहा तास मागे जायचे तर सहा तास आत पडून राहावे लागते. कथेतले सारे ताण या एका अटीतून निर्माण होतात.

यावर वैज्ञानिकांचा आक्षेप असा की, हा शास्त्राचा गैरवापर आहे. आक्षेपात तथ्य आहे. प्रयोगशाळेत एकाच वेळी अनेक मार्गांनी जाण्याचा गुणधर्म सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंपर्यंत दाखवता आला आहे. माणसाच्या शरीरातल्या अणूंची संख्या लिहायला सत्तावीस-अठ्ठावीस शून्ये लागतात आणि भोवतालाशी सतत येणाऱ्या संबंधामुळे एवढ्या मोठ्या वस्तूंतून हा गुणधर्म दिसेनासा होतो. तरीही श्रोडिंगर यांनी 1935 मध्ये मांडलेले मांजर हासुद्धा अशक्य प्रसंग कल्पून केलेला युक्तिवादच होता. सिनेमालाही तो अधिकार आहे, फक्त एक अट पाळावी: एक अशक्य गोष्ट उघडपणे गृहीत धरावी आणि पुढचे सारे तर्काने चालवावे. ही अट मोडली की काय होते ते 2004 च्याच 'व्हॉट द ब्लीप डू वी नो' या स्वतंत्र चित्रपटात दिसते. मनाने वास्तव घडवता येते, ही शिकवण त्याने क्वांटमच्या नावावर खपवली. त्यात मुलाखत देणारे तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी आपले म्हणणे विपर्यस्त केल्याची जाहीर तक्रार केली. कल्पित गोष्टीला सिद्ध सत्य म्हणून विकणे हाच खरा गैरवापर.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. सात हजार डॉलरांच्या आकड्याने भारावून जाऊ नये, कारण कॅरुथ यांनी लेखन, दिग्दर्शन, अभिनय, संकलन, संगीत सारे स्वतःच केले होते. फुकटच्या श्रमावर एखादा सिनेमा होतो, परंपरा उभी राहत नाही. हेही मान्यच करायला हवे. म्हणूनच अमेरिकेत आल्फ्रेड स्लोन प्रतिष्ठान सनडान्समध्ये विज्ञानविषयक चित्रपटासाठी स्वतंत्र पुरस्कार देते. 2004 मध्ये तो 'प्रायमर'लाच मिळाला. रक्कम मोठी नसली तरी विज्ञान आणि सिनेमा यांना एका टेबलावर बसवण्याचे काम असे पाठबळ करते.

महाराष्ट्रात तर हे टेबल मांडणे मुळीच अवघड नाही. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत 1761 चा निकाल फिरवला आणि त्याच्या स्पष्टीकरणासाठी क्वांटम सिद्धांतातल्या अनिश्चिततेचाच आधार घेतला. म्हणजे मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. पुण्यात आयुका, आयसर आणि फिल्म इन्स्टिट्यूट एकाच शहरात आहेत. सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचे एक केंद्र आयआयटी मुंबईत आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्यातला छोटासा वाटा विज्ञानाधारित पटकथांसाठी राखून ठेवावा आणि पटकथा लिहिली जात असतानाच लेखकाशेजारी भौतिकीचा अभ्यासक बसेल अशी व्यवस्था करावी. चित्रीकरण संपल्यावर घेतलेला सल्ला श्रेयनामावलीत नाव घालण्यापुरता उरतो. पटकथेच्या टप्प्यावरचा सल्ला गोष्टच बदलतो. तरुण दिग्दर्शकांनीही मोठ्या निर्मात्याची वाट पाहत थांबू नये. एक नियम निवडावा, तो नीट समजून घ्यावा आणि शेवटच्या दृश्यापर्यंत प्रामाणिकपणे पाळावा.